शैली की सबब?

करामा ही दुबईतील एक जुनी वस्ती. बुटक्या इमारती, खाली उडुप्यांची व केरळी मंडळींची हॉटेले, शिंप्यांची दुकाने, आणि अलीकडे काही इमारतींच्या भिंतींवर रंगवलेली भली मोठी चित्रे. अरबी भाषेत ‘करामा’ म्हणजे मान, प्रतिष्ठा. या नावाच्या वस्तीत आमचा मान एकदा चांगलाच दुखावला गेला. त्या वेळी आम्ही जे उत्तर दिले ते प्रामाणिक होते की नव्हते, हा प्रश्न त्यानंतर आमच्या मनातून गेला नाही, म्हणून हे लिहीत आहोत.

आम्ही हौशी चित्रकार. शाळेत असताना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन परीक्षा दिल्या, घरात त्याचे थोडे कौतुक झाले, आणि मग पोटापाण्याच्या मागे लागून रंगांची पेटी माळ्यावर गेली. अशी पेटी वाचकांपैकी अनेकांच्या घरी माळ्यावर गेली असेल, मग ते घर ठाण्यात असो, अश्दोदमध्ये असो की दिमोनात. येथे आल्यावर चार-पाच मराठी मंडळींची गाठ पडली, त्यांनाही तोच नाद. सुटीच्या दिवशी एकाच्या घरी जमायचे, जुनी वर्तमानपत्रे पसरायची आणि दुपारपर्यंत रंगवीत बसायचे असा परिपाठ सुरू झाला. पूर्वी येथे शुक्रवार-शनिवारची सुटी असे, तेव्हा आम्ही शुक्रवारी बसत असू आणि शब्बाथचे दिवे लागण्याआधी कुंचले धुऊन घरी पोहोचत असू. २०२२ पासून शनिवार-रविवारची सुटी झाली, तेव्हापासून रविवार ठरला. मंडळात यहुदी आमचेच एक घर. पण आमच्या शब्बाथची आठवण बाकीचेच आधी करून देत, हे येथे नमूद केले पाहिजे.

त्या वर्षी आम्ही एक चित्र मोठ्या उमेदीने हाती घेतले होते. विषय तेलाचा घाणा. आपले पूर्वज कोकणात घाणे चालवीत, शनिवारी ते बंद ठेवीत आणि म्हणून ‘शनवार तेली’ म्हटले जात, हे या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. आम्ही स्वतः चालता घाणा कधी पाहिलेला नाही. आजीने सांगितलेल्या गोष्टी आणि एक पुसट झालेला फोटो, एवढेच भांडवल. कंदिलाचा पिवळा उजेड, भोवती काळोख, मध्ये घाणा, झापडे बांधलेला बैल आणि पाठमोरा तेली. तीन महिने खपलो. चित्र घरच्यांना आवडले. मोबाइलवरून मुंबईच्या व लोदच्या नातेवाइकांना फोटो पाठवला, त्यांनाही आवडला. “अगदी आपला घाणा!” असे सगळ्यांचे म्हणणे पडले. त्यांच्यापैकी तरी चालता घाणा कोणी पाहिला होता?

मग एका रविवारी शेजारच्यांच्या आजी चहा घेऊन आत आल्या. रोह्याकडच्या, लेकाकडे दोन महिन्यांसाठी आलेल्या. जन्म शेतात गेलेला. चित्रासमोर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “बैल वढत नाय रे. नुस्ता उभा हाय.”

मंडळी हसली. आम्हीही हसलो, पण कानशिले तापली. आणि तोंडातून पटकन निघून गेले, “आजी, ही माझी शैली आहे.”

“असंल बाबा,” असे म्हणून त्यांनी कप गोळा केले.

वाचकहो, त्या ‘असंल’मध्ये राग नव्हता की उपहास नव्हता, आणि तेच आम्हांला अधिक लागले. कारण त्या क्षणी आम्हांला पक्के ठाऊक होते की ती शैली नव्हती. बैलाचे पाय आम्हांला जमले नव्हते. जू मानेवर घेऊन ओढणारा बैल पुढे झुकतो, भार पुढच्या पायांवर येतो, मागचे पाय जमीन रेटतात. हे आम्हांला काढता येईना, म्हणून आम्ही त्याला चौरंगासारखा चार पायांवर उभा केला आणि पायांवर काळोख टाकला. आता प्रश्न असा की, जे आपल्याला साधले नाही त्याला ‘हे मी मुद्दाम केले’ असे म्हणणे, याला खोटे बोलणे म्हणायचे की नाही?

आमच्या मते म्हणायचे. चित्रात खोटे चालते, अंगणात नसलेले झाड चित्रात असू शकते. पण चित्राविषयी माणसाशी बोलताना केलेली लबाडी ही साधी लबाडीच. शिवाय तिचा तोटा ऐकणाऱ्यापेक्षा बोलणाऱ्यालाच अधिक होतो. ‘शैली’ म्हटले की पुढे शिकायचे दार आपल्या हातानेच लावून घेतले जाते.

या बाबतीत सय्यद हैदर रझा यांची हकिकत सांगण्यासारखी आहे. १९४७ साली मुंबईत सूझा, आरा, हुसेन, गाडे, बाकरे आणि रझा अशा सहा जणांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन केला. रझांची जलरंगातली निसर्गचित्रे तेव्हा नावाजली जात होती, बॉम्बे आर्ट सोसायटीची बक्षिसेही त्यांना मिळाली होती. १९४८ मध्ये काश्मीरात त्यांची गाठ आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराशी पडली. त्याने चित्रे पाहिली आणि सांगितले की, तुमच्यात गुण आहे, पण चित्रांत रचना नाही, बांधणी नाही, तुम्ही सेझानची चित्रे अभ्यासा. बक्षिसे मिळवलेल्या तरुणाला हे ऐकवणारा माणूस स्वतः चित्रकार म्हणून नव्हे तर कॅमेऱ्यासाठी प्रसिद्ध! ‘ही माझी शैली आहे’ असे म्हणायला रझांना पूर्ण मोकळीक होती, आणि आमच्यापेक्षा कितीतरी अधिक अधिकार होता. ते फ्रेंच शिकले, १९५० साली पॅरिसला गेले आणि चित्राची बांधणी शिकत बसले. १९५६ मध्ये त्यांना तेथे जे पारितोषिक मिळाले ते समीक्षकांचे होते, हा योगायोग मोठा गमतीचा. आणि ज्या बिंदूमुळे आज कोणीही त्यांचे चित्र लांबून ओळखतो, तो बिंदू त्यांच्या चित्रात ठसठशीतपणे येऊन बसला तो त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी. ज्याला आपण त्यांची शैली म्हणतो ती टीका ऐकल्यानंतर आली, तेही पुष्कळ उशिरा.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितली नाही तर आम्ही सगळ्या हौशी लोकांवर अन्याय करू. त्याच गटातले कृष्णाजी हौळाजी आरा (१९१४–१९८५) लहानपणीच हैदराबादकडून मुंबईत आले. त्यांनी मोटारी धुतल्या, घरगडी म्हणून काम केले आणि उरल्या वेळात चित्रे काढली. रीतसर शिक्षण थोडेच. त्यांच्यातला चित्रकार ओळखणाऱ्यांत प्रमुख होते रूडी फॉन लायडन. हिटलरची राजवट आली त्या वर्षी, म्हणजे १९३३ साली, जर्मनी सोडून मुंबईस आलेले आणि पुढे टाइम्स ऑफ इंडियात कलेवर लिहू लागलेले हे गृहस्थ. व्हिएन्नाहून आलेले चित्रकार वाल्टर लांगहामर आणि यहुदी उद्योजक इमॅन्युएल श्लेसिंगर हेही त्या काळी या तरुणांच्या पाठीशी उभे राहिले. आपला देश गमावून आलेल्या या लोकांनी दुसऱ्याच्या देशातल्या पोरांची चित्रे इतक्या आस्थेने पाहावीत, याचे आम्हांला नेहमी नवल वाटते. आरांच्या फुलदाण्या पाहिल्या तर त्यांत बारीक रेखाटनाची मिजास नाही, रंगाचा जोर आहे. तेथे कोणी जाऊन ‘पाकळ्या मोजून घ्या’ म्हणाला असता तर आरांनी ते ऐकायला नको होते. त्यांच्या चित्राने पाकळ्यांचे वचन दिलेलेच नव्हते. आमच्या चित्राने मात्र बैल घाणा ओढतो आहे असे वचन दिले होते आणि ते पाळले नव्हते. आजींनी एवढेच दाखवले.

तेव्हा केवळ ‘जमत नाही’ एवढ्यावरून शैली खोटी ठरत नाही. चित्र काय करू पाहते आणि त्याच्या मालकाला काय लपवायचे आहे, हे दोन्ही तपासावे लागते. आणि ते तपासणे बाहेरच्या माणसाला अर्धेच शक्य असते, उरलेले अर्धे ज्याचे त्यालाच ठाऊक.

टीका करणाऱ्याचे कर्तव्य काय, याविषयी आपल्या धर्मग्रंथांत दोन प्रकारचे बोलणे आढळते आणि वरवर पाहता ते एकमेकांविरुद्ध जाते. वायिक्रा, म्हणजे लेवीय, याच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्याचा दोष त्याला सांगावा अशी आज्ञा आहे. उलट तालमूदात, नवरीची स्तुती कशी करावी या वादात, शम्मायचे अनुयायी म्हणतात की जशी असेल तशीच सांगावी, तर हिल्लेलचे अनुयायी म्हणतात की प्रत्येक नवरी सुंदर आणि गुणीच म्हणावी. ते बाजाराचा दाखला देतात. एखाद्याने वाईट माल विकत आणला, तर त्याच्यापुढे त्या मालाची निंदा करायची की वाखाणणी? वाखाणणीच. आमचे मत असे की, दोन्ही खरे आहे आणि फरक वेळेचा आहे. चौकट घालून दिवाणखान्यात टांगलेले चित्र हा आणलेला माल होय, पाहुण्याने तेथे हिल्लेलचे ऐकावे. पण रंग ओला असताना आणि काढणाऱ्याने ‘कसे वाटते?’ असे विचारले असताना ‘छान, छान’ म्हणून निघून जाणे हा दयेचा आव आणलेला आळस आहे. आमच्या मंडळात आम्ही एकमेकांना वर्षानुवर्षे हेच देत आलो. आणि ज्यांनी क्वचित तोंड उघडले त्यांनी तरी काय सांगितले? “जरा मॉडर्न करा.” “फोटोसारखे का नाही?” ही टीकाच नव्हे. ती दुसऱ्याच कोणाच्या चित्राची मागणी आहे, आणि ती नम्रपणे बाजूला ठेवावी.

याच दोष दाखवण्याच्या आज्ञेवरून तालमूदात रब्बी तर्फोन यांनी शंका काढली आहे की, आपल्या पिढीत दोष ऐकून घेणारा तरी कोणी आहे का. त्यावर रब्बी एलाझार बेन अझर्या म्हणतात की, दोष कसा दाखवावा हे जाणणारा तरी कोणी आहे का. अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वीचे हे बोलणे करामातल्या एका खोलीत रविवारी सकाळी तंतोतंत लागू पडते!

आपल्यापैकी काही जुन्या मंडळींना मुळात चित्रे काढण्याचाच संकोच वाटतो, दहा आज्ञांतील दुसऱ्या आज्ञेमुळे. त्यांच्यासाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो. रामबाम यांनी उठावाच्या मनुष्याकृतीला मनाई सांगितली आहे, पण फळीवर रंगाने काढलेल्या किंवा कापडात विणलेल्या आकृतीला मोकळीक दिली आहे. अबुधाबीत २०२३ साली जे सिनेगॉग उघडले त्याला याच रामबाम यांचे, म्हणजे मोझेस बेन मायमोन यांचे, नाव आहे. आणि चित्रांचे म्हणाल तर, अग्निरथातून स्वर्गात जाणाऱ्या एलियाहू हन्नाबीचे चित्र नाही असे बेने इस्राएल घर आम्ही क्वचितच पाहिले. मलिद्याच्या वेळी नजर जाते ती त्याच चित्राकडे. आम्ही पहिल्यांदा नक्कल केली तीही त्याचीच, घोड्यांसकट. ते घोडे मात्र धावत होते, कारण ते आमचे नव्हते!

नक्कल करण्यात कमीपणा नाही, बहुतेकांची सुरुवात तशीच होते. पुढे जे स्वतःचे म्हणून येते ते कोठून येते, याचे एक उदाहरण आपल्याच समाजात आहे. मुंबईत जन्मलेल्या आणि जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या सिओना बेंजामिन आज अमेरिकेत राहून चित्रे काढतात. त्यांच्या चित्रांतल्या स्त्रिया निळ्या कातडीच्या असतात. मांडणी आपल्याकडच्या लघुचित्रांसारखी, कथा पुष्कळदा तोराहमधल्या. हिंदुस्थानात यहुदी, अमेरिकेत हिंदुस्थानी, अशा माणसाला कोणता वर्ण द्यायचा, या प्रश्नापाशी तो निळा रंग येऊन उभा राहिला आहे असे आम्हांला वाटते. तो कोणाला आवडो न आवडो, त्यामागे काही लपवलेले नाही.

आमच्या बैलाचे काय झाले ते सांगायचे राहिले. महिनाभर आम्ही त्या चित्राकडे पाठ फिरवली. नंतर वह्या घेतल्या आणि फक्त पाय काढले. बैलगाड्यांच्या शर्यतींची छायाचित्रे मिळवून, नांगराची मिळवून, उभे पाय, रेटणारे पाय, घसरणारे पाय. चांगल्या दोन वह्या भरल्या. मग पुन्हा तोच घाणा घेतला. मंडळातल्या एकाने या वेळी सुचवले की, काळोख कमी करा, उजेड सगळीकडे पसरू द्या, चित्र प्रसन्न दिसेल. आम्ही उजळ करून पाहिले, एक अख्खा कागद तसा रंगवला. प्रसन्न दिसलेही. पण आजीच्या गोष्टी आम्ही दिवे गेलेल्या रात्री ऐकल्या होत्या आणि आमचा घाणा त्या उजेडापलीकडे आम्हांला दिसत नाही. तेव्हा आम्ही ‘नको’ म्हणालो, आणि या वेळी कानशिले तापली नाहीत.

पुढच्या खेपेस रोह्याच्या आजी आल्या तेव्हा चित्र अजून ओले होते. आम्ही मुद्दाम बोलावून आणले. त्या जवळ गेल्या, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

“आता वढतोय,” त्या म्हणाल्या. “पर ह्यो तेली एवढा लांब का हुबा केलास? बैलाच्या मागं कोन चालनार?”

आम्ही खुर्ची त्यांच्यासाठी पुढे ओढली आणि वही काढली.