इशारा आणि प्रमाद

कागल आणि हातकणंगले या दोन तालुक्यांत पसरलेल्या पंचतारांकित औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली, म्हणजे पुणे-बंगळूर महामार्गाकडे निघालेल्या दुचाकींच्या रांगेत एखादी तरी अशी दिसते, की जिचे वळण केव्हाच मागे पडले असूनही जिचा उजवा दिवा अखंड उघडझाप करीत असतो. मग मागचा कोणी जवळ येऊन मूठ उघडून-मिटून खूण करतो, किंवा ‘भावा, इंडिकेटर!’ असे ओरडतो, आणि स्वार ओशाळून कळ दाबतो. त्या स्वाराच्या मनात कोणास फसविण्याचा लवलेशही नव्हता. तथापि ‘मी उजवीकडे वळणार’ असे धडधडीत असत्य तो सर्व जगाला सांगत चालला होता. हेतूवाचून घडलेल्या अशा असत्याचा दोष कर्त्यास लागतो काय, हा आपल्या नीतिशास्त्रातील एक नाजूक प्रश्न आहे.

आपल्याला या प्रश्नाची उलट बाजू अधिक परिचित आहे. द्रोणपर्वात अश्वत्थामा मेला असे स्पष्ट सांगून ‘कुंजर’ हा शब्द धर्मराजाने अस्फुट उच्चारला, आणि तोवर पृथ्वीपासून चार अंगुळे वर चालणारा त्याचा रथ भूमीला टेकला. तेथे शब्द खरे होते व हेतू खोटा होता. येथे हेतू निर्मळ आहे व इशारा खोटा आहे. धर्मराजाने जे दुसऱ्याच्या कानी पडावयास हवे होते ते पडू दिले नाही. आपल्या स्वाराच्या स्वतःच्याच कानी ते पडत नाही.

ते का पडत नाही, हे यंत्राकडे पाहिल्यास कळते. मोटारीचे सुकाणू सरळ झाले की इंडिकेटरची कळ आपोआप परत येते. बहुतेक दुचाकींना ही सोय नाही. दिव्याची उघडझाप करणाऱ्या जुन्या फ्लॅशरमधील दोन धातूंची पट्टी प्रवाहाने तापून वाके, प्रवाह तुटे, ती निवून पुन्हा जुळे, आणि या जुळण्या-तुटण्याचा जो टिकटिक नाद होई, तो कोणी मुद्दाम योजलेला नव्हता. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आले, नादाचे कारण संपले. तरी मोटार बनविणाऱ्यांनी तो कृत्रिम रीतीने राखून ठेवला, हे मला मोठे शहाणपणाचे वाटते. दिवा परक्यांसाठी असतो, नाद स्वतःसाठी. परंतु हेल्मेट, वारा आणि शेजारून जाणारी मालमोटार यांच्या गदारोळात दुचाकीचा क्षीण नाद बुडतो, आणि मीटरवरचा इवलासा दिवा भर उन्हात फिका पडतो.

म्हणून स्वार निर्दोष ठरतो, असे मात्र मी म्हणणार नाही. गीतेच्या चौदाव्या अध्यायात तमोगुणाच्या बंधनांत आळस व निद्रा यांच्या जोडीला प्रमादाची गणना केली आहे. धम्मपदाचा दुसरा वर्ग तर संपूर्ण अप्रमादालाच वाहिलेला आहे. या दोन्ही परंपरांनी बेसावधपणाला केवळ कमनशीब मानले नाही. ज्यास आपले विस्मरण ठाऊक आहे आणि त्यावर इलाज करण्याची मुभा आहे, त्याने इलाज न केल्यास ‘माझ्या ध्यानात राहिले नाही’ ही सबब कोणत्या दरबारी चालेल?

इलाज तर किरकोळ आहे. कोणताही वायरमन इंडिकेटरच्या तारांवर छोटा बझर बसवून देतो. फक्त दोन्ही बाजूंच्या तारांत एकेक डायोड घालण्याची तजवीज करावी, नाहीतर एका बाजूचा प्रवाह दुसरीकडे शिरून दोन्हीकडचे दिवे लुकलुकू लागतात. गल्लीभर गाणी वाजविणारे बझर मिळतात, ते टाळावेत. आवाज हेल्मेटच्या आत पोहोचावा, शेजाऱ्याच्या घरात नव्हे. वसाहतीतील कारखानदारांना माझी विनंती एवढीच, की फाटकावर हेल्मेटची तपासणी होते तेथेच कामगारांच्या दुचाकींना असा बझर कारखान्याच्या खर्चाने बसवून द्यावा.