नेचा कोणता?

बाप मुलासाठीं झिजतो, मूल मोठें होऊन आपल्या मुलासाठीं झिजतें, आणि या मालिकेंत स्वतःसाठीं कोणी जगलें कीं नाहीं, हें विचारणेंही आपल्यांत स्वार्थीपणाचें समजतात. एका पिढीनें दुसरीची केवळ पायरी व्हावें काय, हा प्रश्न जुनाच आहे. ‘व्हावें’ असें म्हणणारे बहुधा निसर्गाचा दाखला देतात: फूल फळासाठीं, फळ बीजासाठीं, बीज पुढच्या झाडासाठीं. परंतु ज्या वनस्पतींना फूल नाहीं आणि बीजही नाहीं, त्यांची साक्ष कोणी काढीत नाहीं. ती येथें काढावी असें आम्हांस वाटतें.

पावसाळ्यांत महाबळेश्वर-आंबोलीकडे गेलेल्या वाचकांना नेचा ठाऊक असेलच. त्यांतील रुपेरी नेच्याचें पान हातावर दाबून पांढरा ठसा उमटविण्याचा खेळ मुलांना भारी आवडतो. तेंच पान उलटून पाहिलें तर बहुतेक नेच्यांच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसतात. युरोपांत पूर्वीं अशी समजूत होती कीं, ज्या अर्थीं नेच्याचें बीं कोणास दिसत नाहीं, त्या अर्थीं तें अदृश्य असलें पाहिजे. आणि तें ज्यास सांपडेल तोही अदृश्य होईल! तर्क मोठा गोड आहे. वस्तुतः त्या ठिपक्यांतून जी धूळ उडते ती बीजुकांची. बीजांत गर्भ असतो व त्याच्यासाठीं शिदोरी असते. बीजुक म्हणजे नुसती एक पेशी.

खरी मौज पुढें आहे. ओल्या मातीवर पडलेल्या बीजुकापासून नेचा उगवतच नाहीं. उगवते ती नखाहूनही लहान, हृदयाच्या आकाराची, कागदाहून पातळ अशी हिरवी चकती. तिला खोड नाहीं, खरें मूळ नाहीं. तिच्या खालच्या अंगास नर व स्त्री इंद्रियें असतात. नरपेशी पाण्याच्या पातळ थरांतून पोहत अंड्यापाशीं जाते, आणि त्या संयोगापासून जें उपजतें तो नेचा. प्रथम तो चकतीवरच पोसतो. तो स्वतःच्या मुळावर उभा राहिला कीं चकती सुकून जाते. म्हणजे येथें अपत्य आईसारखें नसून आजीसारखें होतें! हा पिढ्यांचा फेरा शेवाळी, नेचे आणि सूचिपर्णी वृक्ष यांत एकाच नियमानें चालतो, हें १८५१ सालीं विल्हेल्म होफमाइस्टर यानें दाखविलें. तो लाइपझिगचा पुस्तकविक्रेता. विद्यापीठांत न शिकलेला, वय अवघें सत्तावीस. पुढें १८६३ मध्यें त्याला हायडेलबर्ग येथें प्राध्यापक नेमण्यांत आलें.

आतां या दोहोंपैकीं नेचा कोणता? आपण मोठ्याला नेचा म्हणतों आणि धाकटीला त्याची ‘अवस्था’. शास्त्रकारांनीं तिला ‘पूर्वकायक’ म्हटलें; पाश्चात्य नांवांतही ‘पूर्वीची’ हाच अर्थ आहे. निकाल नांवांतच देऊन टाकला! पण भिंतीवरच्या मखमली शेवाळीकडे पाहावें. तिच्यांत जी हिरवी गादी आपणांस दिसते, ती त्या चकतीच्याच पिढीची. बीजुकें धरणारी दुसरी पिढी म्हणजे तिच्या माथ्यावरची बारीक दांडी व बोंड. तें आईच्या अंगावर पोसतें आणि बीजुकें सांडून वाळतें. येथें आई घरधनीण आणि अपत्य आश्रित. तेव्हां मोठेपणा किंवा आयुष्य यांवरून साध्य कोण व साधन कोण हें ठरवूं जाल, तर नेच्यापाशीं एक उत्तर आणि शेवाळीपाशीं नेमकें उलटें.

यावर कोणी म्हणेल, चकती लहान असो कीं मोठी, नेचा निर्माण करणें हेंच तिचें प्रयोजन. अमेरिकेंतील ॲपलाचियन पर्वतांत, खडकांच्या अंधाऱ्या कपारींत, एका नेच्याची चकती आढळते. निसर्गांत तिच्यापासून पूर्ण वाढलेला नेचा कधींच होत नाहीं. ती स्वतःचेच सूक्ष्म तुकडे टाकते व त्यांपासून नव्या चकत्या होतात. हे तुकडे बीजुकांसारखे वाऱ्यावर दूर जात नाहींत. हिमयुगांतील बर्फाचे थर जेथवर आले होते, त्याच्या फारसें पलीकडे ती गेलेली नाहीं. यावरून तिचा नेचा हजारों वर्षांपूर्वींच नाहींसा झाला असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. १९९१ मध्यें तिला स्वतंत्र जातीचें नांव मिळालें. साध्य म्हणून जें समजत होतों तें गेलें, आणि साधन आपलें सुखानें नांदत आहे.

ज्या स्त्रीला मूल नाहीं तिला आपला समाज जो शब्द लावीत आला, तो या चकतीला लावून पाहावा. किती ओशाळवाणा वाटतो! आईबापांच्या कष्टांविषयीं कृतज्ञता बाळगणें निराळें, आणि घरांतील अविवाहित आत्येला ‘तुम्हांला कोणासाठीं जपायचें आहे?’ म्हणून सर्वांच्या आजारपणांत राबविणें निराळें. त्याग मागणारा मनुष्यच असतो. चकतीकडे कोणी तो मागितला नाहीं, आणि तिनें तो केलाही नाहीं. ती पोसते, सुकते, इतकेंच.

निसर्गाचा दाखला देऊं नये म्हणतां आणि स्वतः नेच्याचा देतां, असें वाचक म्हणतील. आम्हीं नवा साक्षीदार आणलेला नाहीं. दुसऱ्यांनीं आणलेल्याचीच उलटतपासणी केली.