न उच्चारलेलं कर्म

‘खाल्लीस का?’ या प्रश्नात कर्ता नाही, कर्मही नाही. तरी ऐकणाऱ्याला कळतं की विचारलंय ते आपल्यालाच, आणि खायची गोष्ट स्त्रीलिंगी, एकवचनी आहे. पोळी असेल, भाकरी असेल, डॉक्टरांनी दिलेली गोळी असेल. शेवटचा ‘स’ कर्त्याची खूण सांभाळतो, त्याच्या आधीची ‘ली’ कर्माची. शाळेत कर्मणि प्रयोग घोकून घेतात, पण त्यातली ही किमया मुलांना कुणी दाखवत नाही याची मला खंत वाटते. कर्म गाळलं तरी त्याचं लिंग-वचन क्रियापदावर उमटतंच. आणि ‘पोळी’चं लिंग त्या तव्यावरच्या वस्तूचं नसतं, शब्दाचं असतं.

इथे एक फार जुना वाद आठवतो. कुणी नुसतं ‘दार, दार’ म्हणालं, तर ऐकणारा ‘लाव’ हे आपल्या मनानं जोडून घेतो. वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक याला अध्याहार म्हणत. पण जोडलं जातं ते काय? कुमारिल भट्टांच्या परंपरेचं म्हणणं, शब्दच जोडला जातो. प्रभाकरांच्या परंपरेचं म्हणणं, शब्दाची गरज नाही, अर्थ पुरेसा आहे. त्यांच्या उदाहरणात क्रियापद गाळलंय, पण कर्म गाळल्यावरही प्रश्न तोच उरतो.

मराठीपुरता मी कुमारिलांच्या बाजूचा. टेबलावर एक जाडजूड कादंबरी पडलीय. तिच्याकडे नजर टाकून एकजण विचारतो, ‘वाचलंस?’ मैत्रीण म्हणते, ‘वाचली की, मागेच.’ वस्तू एकच, पण त्याच्या मनात ‘पुस्तक’ होतं आणि तिच्या मनात ‘कादंबरी’. दोघांच्या मनात नुसता अर्थ असता, तर हे ‘लं’ आणि ‘ली’ आले कुठून? ‘एक ठेवून दिली’ म्हटलं की थप्पड गालावर बसते, ‘ठेवून दिला’ म्हटलं की धपाटा पाठीत. थप्पड किंवा धपाटा हा शब्द कुणीच उच्चारलेला नसतो.

याहून पक्का पुरावा पुढच्या वाक्यांत आहे. ‘रमेशनं आपली गाडी धुतली. सुरेशनंही धुतली.’ सुरेशनं कुणाची धुतली? बहुतेक जण म्हणतील, स्वतःची. आता ‘सुरेशनंही ती धुतली’ असं म्हणून पाहा. लगेच रमेशच्याच गाडीवर पुन्हा पाणी पडतं. म्हणजे गाळलेलं कर्म हे काही मनातल्या मनात म्हटलेलं ‘ती’ नव्हे. जे ‘ती’ला सांगता येत नाही ते मौनाला सांगता येतं. जपानीतल्या अशाच वाक्यांवर ओतानी आणि व्हिटमन या भाषाशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये लिहिलं. मराठीत त्याला आणखी एक पदर आहे. सुरेशकडे गाडी नसून ट्रक असेल, तर त्यानं स्वतःचा ट्रक धुतला हे ‘सुरेशनंही धुतली’ यातून सांगता येणार नाही. वस्तू बदलली तरी चालते, शब्द मात्र तोच लागतो.

अर्थात ही सोय सर्व भाषांना नाही. चिनी क्रियापद लिंग-वचनाची कसलीच खूण बाळगत नाही, तरी चिनी माणूस कर्म खुशाल गाळतो. ते कळतं चाललेल्या विषयावरून. १९८४ मध्ये भाषाशास्त्रज्ञ सी. टी. जेम्स हुआंग यांनी, जॉन रॉस यांनी सुचवल्याप्रमाणे, माध्यमांबद्दलची मॅक्लुहानची कल्पना घेऊन इंग्रजीला ‘उष्ण’ आणि चिनीला ‘थंड’ भाषा म्हटलं. उष्ण भाषा बरंचसं स्वतः सांगते, थंड भाषा ऐकणाऱ्याला कामाला लावते.

मराठीही ठिकठिकाणी अशी थंड होते. माणसाला ‘ला’ लागला की भावे प्रयोग आला आणि खूण पुसली गेली. ‘काल बोलावलं होतं’ यातून भावाला बोलावलं की बहिणीला, काही कळत नाही. ‘खातोस का?’ मध्ये खाणाऱ्याचं लिंग दिसतं, खाल्ल्या जाणाऱ्या गोष्टीचं नाही. इथे घरातली माणसं एकमेकांना सहज समजून घेतात, कारण सकाळपासूनचं सगळं बोलणं त्यांच्यापाशी असतं. परक्या माणसापाशी ते नसतं, आणि मला काळजी वाटते ती त्याची.

औषधांच्या दुकानात एक आजी उभ्या आहेत. पुढ्यात गोळ्यांचं पाकीट, काढ्याची बाटली आणि मलमाची ट्यूब. मागे रांग वाढलेली. काउंटरवरचा मुलगा पिशवी पुढे सरकवत सांगतो, ‘सकाळ-संध्याकाळ घ्या, रात्री लावा.’ ‘लावा’चं मलम त्या ओळखतील. पण ‘घ्या’चं काय? आज्ञार्थात फक्त ‘तुम्ही’ची खूण आहे, काय घ्यायचं याबद्दल तो मुका आहे. जिथे चूक सर्वांत महाग पडते, नेमक्या तिथे आपण क्रियापदाचं हे मुकं रूप वापरतो. ‘घ्यावी’ म्हटलं तर एक गोळी, ‘घ्याव्यात’ म्हटलं तर एकाहून जास्त, ‘घ्यावा’ म्हटलं तर काढा. आणि ‘गोळी घ्या’ म्हणायला एकच शब्द जास्त लागतो.