बिल्टीवरचं नाव

सुरतेच्या लिंबायत भागात खानदेशातून आलेलं एक कुटुंब राहत होतं. वडील, म्हणजे नाना, रिंग रोडवरच्या कापड मार्केटात पार्सलांचं काम बघायचे. मुलगी इतिहासात एम. ए. करत होती. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा इथल्या इंग्रजांनी काय लिहून ठेवलं, हा तिचा विषय.

आर्काइव्ह डॉट ऑर्गवर तिने महाराजांचं नाव, सुरत, १६६४ असं सगळं टाकून पाहिलं. आली ती अलीकडची पुस्तकं. इंग्रजांच्या वखारीतलं एकही पत्र नाही. तेच शब्द मागेपुढे करून ती थकली. "नाना, नेटवर काहीच नाही."

नानांना इंग्रजी येत नव्हतं, पण अडकलेला माल शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. म्हणाले, "ट्रान्सपोर्टवाल्याला आपल्या मनातलं नाव सांगून पार्सल सापडतं का? पाठवणाऱ्याने बिल्टीवर जे लिहिलं, तेच सांगावं लागतं. त्या गोऱ्यांनी महाराजांचं नाव कसं लिहिलं असेल?"

तिने हाताशी असलेल्या पुस्तकाच्या तळटीपा चाळल्या. तिथे स्पेलिंग होतं एस, ई, व्ही, ए, जी, ई, ई. सेवाजी! तारखेतही अशीच मेख होती. इंग्रजांचं नवं वर्ष तेव्हा २५ मार्चला लागे, म्हणून जानेवारी १६६४ चं पत्र त्यांच्या हिशेबी १६६३ चं. शिवाय त्या संकेतस्थळाचा नेहमीचा शोध पुस्तकाचं नाव, लेखक, वर्णन एवढंच बघतो. आतला मजकूर धुंडाळायचा तर तो पर्याय वेगळा निवडावा लागतो. यंत्र कितीही हुशार झालं, तरी हे आपल्यालाच कळायला हवं.

पर्याय बदलून तिने ते स्पेलिंग दुहेरी अवतरणचिन्हांत टाकलं, जोडीला वखारीचा प्रमुख ऑक्झेंडन याचं नाव. विल्यम फॉस्टरने संपादित केलेला १६६१ ते १६६४ चा खंड उघडला. पाठोपाठ वखारीतल्या एस्कॅलियट पाद्र्याचं पत्र मिळालं.

"काय लिहितोय?"

"महाराज बांधेसूद होते म्हणतो, नाना. नजर तीक्ष्ण, आणि बोलताना हसल्यासारखे दिसायचे."

नानांनी ते तिच्याकडून दोनदा वाचून घेतलं.

जेवणं होईपर्यंत तिच्या वहीत विरजी व्होरा या धनाढ्य सावकाराच्या नावाची पानभर स्पेलिंगं झाली होती. डचांची वखारही सुरतेतच होती. त्यांच्या दप्तरात हीच नावं कशी आली असतील, ते विचारायला दुसऱ्या दिवशी तिने सरांना गाठलं.