कोणी कुठे बसायचे?

अमेरिकेतल्या बऱ्याच चर्चमध्ये एके काळी बाके भाड्याने दिली जात. पुढची बाके पैसेवाल्या घराण्यांची. त्यांची रक्कम ठरलेली असे आणि तिच्यातून चर्चचा खर्च भागे. ज्याच्या खिशात काही नाही त्याने मागे, कडेला बसायचे. देवाच्या घरात जागा विकता येत नाही आणि माणूस तर मुळीच विकता येत नाही, असे ठणकावून सांगणाऱ्या काही मेथडिस्ट पाळकांना त्यांच्याच मंडळीने बाहेर काढले. बी. टी. रॉबर्ट्स हे त्यांतले प्रमुख. बाकाचे भाडे आणि गुलामगिरी या दोन्हींच्या विरोधात उभे राहून या लोकांनी १८६० साली न्यूयॉर्क राज्यातल्या पेकिन या गावी फ्री मेथडिस्ट चर्च स्थापन केले. यवतमाळच्या ख्रिस्ती मंडळीची मुळे या भांडणापर्यंत जातात.

वीस वर्षांनी, १८८० च्या अखेरीस, अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे नुकतेच लग्न झालेले जोडपे अमेरिकेहून निघाले आणि १८८१ च्या जानेवारीत मुंबईला उतरले. आधी बुऱ्हाणपूर, मग एलिचपूरकडचा, म्हणजे आजच्या अचलपूरचा मुलूख. पुढे याच चर्चचे मिशन यवतमाळला स्थिरावले. तेव्हा हा जिल्हा वणीच्या नावाने ओळखला जाई. यवतमाळ हे नाव त्याला १९०५ मध्ये मिळाले. वऱ्हाड नावापुरते निजामाचे, कारभार इंग्रजांचा, आणि माणसे कापसाच्या नाही तर सावकाराच्या भरवशावर. फीबी १९१० साली वारल्या. एथेल या त्यांच्या मुलीने पुढे आईवडिलांचे चरित्र लिहिले. त्यात १८८० पासून १९२७ पर्यंतचा काळ येतो. जवळजवळ अर्धे शतक परक्या मुलखात काढायचे, पत्नीच्या माघारीही काम सोडायचे नाही, ही साधी गोष्ट नव्हे.

कसोटीचा काळ लवकरच आला. १८९६-९७ चा दुष्काळ सरतो न सरतो तोच १८९९-१९०० चा आला. लोक त्याला ‘छपन्नचा दुष्काळ’ म्हणतात, कारण तो विक्रम संवत १९५६. गुरे गेली, बियाणे खाऊन संपले, माणसे रस्त्याच्या कडेला पडली. पंडिता रमाबाई १८९७ मध्ये मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींना आपल्याबरोबर घेऊन आल्या. वऱ्हाडातल्या मिशनांनीही अनाथ मुले सांभाळली. त्या मुलांना न्हाऊ-माखू घातले, पेजेवर ठेवले, अक्षर शिकवले. त्यांतली बरीच ख्रिस्ती झाली. आज विदर्भातल्या कित्येक ख्रिस्ती घरांचा इतिहास अशा एखाद्या पोरक्या मुलापाशी सुरू होतो. त्याच्या मागे ना गाव, ना आडनाव.

पोटासाठी बाटले, हा टोमणा तेव्हापासूनचा. तो झटकून टाकण्यासारखा नाही, कारण त्यात एक खरा तात्त्विक प्रश्न आहे. उपाशी माणसाला भाकरी देताना मनात ‘हा उद्या आपल्या धर्मात यावा’ अशी आस असेल, तर ती भाकरी दान राहते का? आणि ज्याला आपल्या श्रद्धेत जीव वाचवणारे सत्य सापडले आहे असे प्रामाणिकपणे वाटते, त्याने ते शेजाऱ्यापासून लपवून ठेवावे, हे तरी माणुसकीला धरून होईल का? यातली एक बाजू निवडून मोकळे होता येत नाही.

या पेचाचे उत्तर ख्रिस्ती धर्मग्रंथातच एका जेवणाच्या प्रसंगात सापडते. प्रेषित पेत्र अंत्युखिया नगरात यहुदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही कर्मठ माणसे आली, तसा तो पंगतीतून बाजूला झाला. लोक काय म्हणतील याची त्याला भीती वाटली. पौलाने त्याला सगळ्यांदेखत तोंडावर जाब विचारला. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग पौल स्वतः सांगतो. मंडळीच्या आरंभीच्या मोठ्या वादांपैकी हा एक, आणि तो कोणी कोणाला जेवू घातले याचा नव्हता. कोण कोणाशेजारी बसून जेवला याचा होता. महाराष्ट्रात हे समजावून सांगावे लागत नाही. अन्नछत्र चालवणारा उभा असतो आणि घेणारा खाली बसलेला. तिथे उपकार होतो. दोघे एका ओळीत बसले, तर समेट होतो. वॉर्ड जोडप्याच्या चर्चची तर सुरुवातच ‘कोणी कुठे बसायचे’ या प्रश्नातून झाली होती. म्हणून त्यांच्या कामाची पारख दुष्काळातल्या पेजेवर थांबत नाही. पेज संपल्यावर मिशनचा साहेब आणि गावचा माणूस शेजारी बसू लागले का, हे पाहावे लागते.

बरीच वर्षे ते फारसे बसले नाहीत. मिशन कंपाउंडला कुंपण होते, आत बंगला होता, आणि बंगल्याच्या व्हरांड्यापर्यंत कोणी यायचे आणि कोणी नाही हे न सांगता ठरलेले असे. राज्यकर्त्यांशी असलेले नाते तर त्याहून अवघड. पहिल्या महायुद्धानंतर हिंदुस्थानात येणाऱ्या ब्रिटिशेतर मिशनऱ्यांकडून सरकार लेखी हमी घेऊ लागले की ते कायदेशीर सरकारचा योग्य तो मान राखतील आणि त्याच्याविरुद्ध काही करणार नाहीत. १० जुलै १९३० रोजी वणीच्या लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदजवळच्या राखीव जंगलात गवत कापून जंगल सत्याग्रह केला. जिल्हा पेटून उठला होता आणि त्याच जिल्ह्यातले अमेरिकन मिशनरी त्या कागदाने बांधलेले होते. त्याच वर्षी दक्षिणेत राल्फ कैथान या अमेरिकन मिशनऱ्याला राष्ट्रीय चळवळीशी जवळीक केल्याबद्दल देश सोडावा लागला. गुलामांच्या बाजूने उभे राहून जन्मलेल्या चर्चने वऱ्हाडात अशा वेळी गप्प राहावे, हे खटकते आणि खटकायलाच हवे.

शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९३४ मध्ये गांधीजी राहायला आले, १९३६ मध्ये ते शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला गेले. त्याच वर्षी जॉन मॉट हे जगप्रसिद्ध ख्रिस्ती नेते त्यांना तिथे भेटले. गांधीजींचे म्हणणे स्पष्ट होते: सेवा जरूर करा, पण डोकी मोजू नका. त्यांच्या प्रार्थनेत ख्रिस्ती भजने होती, डोंगरावरील प्रवचनावर त्यांचे प्रेम होते, आणि म्हणूनच मिशनरी त्यांच्यापुढे अस्वस्थ होत. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम चालवणारे जे. सी. कुमारप्पा स्वतः ख्रिस्ती. येशूच्या शिकवणीवर त्यांनी तुरुंगात बसून लिहिले. ख्रिस्ती राहूनही आपल्या लोकांमध्ये, आपल्या लोकांसाठी तुरुंगात जाता येते, हे यवतमाळपासून हाकेच्या अंतरावर एक माणूस जगून दाखवत होता.

मिशनऱ्यांमध्येही ऐकणारे होते. ई. स्टॅन्ले जोन्स हा अमेरिकन मेथडिस्ट हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशा सगळ्यांना गोलाकार बसवत असे. वाद घालायचा नाही. आपल्या श्रद्धेने आपल्याला जगण्यात काय दिले, एवढेच प्रत्येकाने सांगायचे. सातताल इथल्या त्याच्या आश्रमात सफाई कामगाराला सुट्टी दिली जाई आणि त्या दिवशीचे संडास सफाईचे काम बाकीचे लोक करत. यात उच्चवर्णीय असत आणि गोरेही. जात काय आहे हे व्याख्यानातून जितके कळते, त्यापेक्षा हातात झाडू आणि बादली आल्यावर जास्त कळते.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न पुन्हा समोर आला, आणि या वेळी थेट यवतमाळात. १९५३ मध्ये अनेक मिशनांनी मिळून इथे युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी केली. पुढच्याच वर्षी मध्य प्रदेश सरकारने (यवतमाळ तेव्हा त्या राज्यात होते) नागपूर उच्च न्यायालयाचे निवृत्त मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. समिती चौदा जिल्ह्यांत फिरली. यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलडाणा हे त्यांत होते. १९५६ च्या अहवालाचा रोख असा की शाळा, दवाखाने आणि परदेशी पैसा यांच्या आधारे गरीब, अशिक्षित लोकांना बाटवले जाते. धर्मांतरासाठी वैद्यकीय सेवेचा वापर बंद करावा, अशी शिफारसही त्यात होती. ख्रिस्ती समाजात भीती पसरली, संतापही.

त्या समितीत एक ख्रिस्ती सदस्य होते, प्रा. एस. के. जॉर्ज. केरळचे. कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजातली नोकरी त्यांनी सविनय कायदेभंगाच्या बाजूने उभे राहण्यासाठी १९३२ मध्ये सोडली होती. गांधीजी हे ख्रिस्ती धर्मापुढचे आव्हान आहेत, असे मांडणारे पुस्तक त्यांनी लिहिले, आणि नंतर वर्ध्याच्या वाणिज्य महाविद्यालयात ते शिकवत होते. आपल्याच माणसांच्या चौकशीला बसणे त्यांना सोपे गेले नसणार. अनेक ख्रिस्ती लोकांना ते फितूर वाटले. पण पौलाने पेत्राला जाब विचारला तेव्हा तोही आपल्याच माणसाला विचारत होता. जॉर्ज त्याच परंपरेतले, असे मानायला जागा आहे.

तरीही अहवालाच्या मुळाशी असलेली एक समजूत त्याच वर्षी, त्याच भूमीवर खोटी ठरली. गरीब माणूस धर्म बदलतो तो आमिषानेच, त्याला स्वतःची निवड करता येत नाही, ही ती समजूत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांबरोबर लाखो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. विदर्भाच्या गावागावांतून माणसे गेली होती, यवतमाळ जिल्ह्यातूनही. कुणी धान्य वाटले नव्हते, कुणी दवाखाना काढला नव्हता. उलट माणसे पदरची भाकरी बांधून निघाली होती. शाळेचे तोंड न पाहिलेल्या आई-आजींनी बावीस प्रतिज्ञा घेतल्या आणि घरातले देव बाजूला ठेवले. ज्याला आपण कुठे बसवले जातो हे रोज सोसावे लागते, त्याला धर्माचा अर्थ पंडितापेक्षा लवकर कळतो. हे बौद्ध झालेल्यांना लागू असेल, तर दुष्काळानंतर ख्रिस्ती राहिलेल्यांनाही लागू करायला हवे. पेज एक हंगाम चालली असेल; श्रद्धा तीन-चार पिढ्या टिकली.

आणि आमिषाचा हिशेब मांडायचाच, तर तो पुरा मांडावा. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीच्या सवलती जवळजवळ फक्त हिंदूंसाठी होत्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आजही बाहेर आहेत. म्हणजे गेली सत्तरहून अधिक वर्षे दलिताने बाप्तिस्मा घेतला की त्याची शिष्यवृत्ती, राखीव जागा, नोकरीतला वाटा जातो. (आदिवासींना हा नियम नाही.) एकाच वस्तीत, एकाच पणजोबाच्या दोन शाखांमध्ये हा फरक पडलेला दिसतो: बौद्ध चुलतभावाला दाखला मिळतो, ख्रिस्ती चुलतभावाला नाही.

सेमिनरीचे काय झाले, हेही सांगायला हवे. तीस वर्षे ती यवतमाळात होती. केरळ, तामिळनाडू, आंध्र, महाराष्ट्र आणि थेट नागालँड-मिझोराममधून मुले तिथे येत. ज्या काळात नागा प्रदेशात बंदुका चालू होत्या, त्या काळात डोंगरातला मुलगा आणि वऱ्हाडातला मुलगा एका वर्गात, एका भोजनगृहात होते. हळूहळू परदेशी शिक्षकांच्या जागी भारतीय आले, प्राचार्यपद डॉ. साफिर अथ्याल यांच्याकडे आले. १९८३ मध्ये संस्था पुण्याला बिबवेवाडीत गेली. केळापूर तालुक्यातल्या उमरीचा मिशन दवाखाना मात्र जिल्ह्यातच राहिला. भोवती कोलाम आणि गोंड वस्त्या असलेला हा भाग. जागा सोडता येणे, खुर्ची दुसऱ्याला देऊन आपण मागच्या रांगेत जाणे, हे या इतिहासातले सर्वांत कमी लिहिले गेलेले आणि सर्वांत मोलाचे काम आहे.

पण पंगत अजून पुरी बसलेली नाही. याच जुन्या मध्य प्रांतात, दमोहला जन्मलेल्या डोनाल्ड मॅकगॅव्हरन या मिशनऱ्याने एक सिद्धांत मांडला. लोकांना जात-जमातीची कुंपणे न ओलांडता ख्रिस्ती होणे सोपे जाते, म्हणून त्यांना तसेच गटागटाने मंडळीत घ्यावे. संख्येच्या दृष्टीने त्याचे निरीक्षण बरोबर असेल. अंत्युखियाच्या त्या जेवणाच्या कसोटीवर मात्र ते टिकत नाही. वेगवेगळ्या पंगती मांडून भरलेले चर्च पेत्राच्या चुकीलाच नियम करते. आजही कित्येक ठिकाणी ख्रिस्ती घरांत सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारली जाते, आणि दलित ख्रिस्ती पाळक व लेखक हे वर्षानुवर्षे उघडपणे बोलत आले आहेत.

दलित ख्रिस्ती आणि मुसलमानांना अनुसूचित जातीचा दर्जा द्यावा का, हे तपासायला केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांचा आयोग नेमला. त्याच्यापुढे हक्क मागायचा, तर दलित ख्रिस्ती माणसाला एक गोष्ट पुराव्यानिशी सांगावी लागते: बाप्तिस्म्यानंतरही आपल्याला अस्पृश्य म्हणूनच वागवले गेले, गावात आणि मंडळीतही.