शिकावेसे वाटणे

महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्रत्येकाला एक प्रश्न वर्षानुवर्षे ऐकावा लागतो. तास रंगात आलेला असतो, फळ्यावरची आकृती पुरी होत आलेली असते, आणि मागच्या बाकावरून कोणीतरी विचारते, “सर, हे परीक्षेला आहे का?” नाही म्हणावे तर वह्या मिटतात, हो म्हणावे तर लेखण्या सरसावतात. मग शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर ठरलेली चर्चा होते. हल्लीच्या मुलांना ज्ञानाची चाड नाही, सारे पोटार्थी झाले आहेत! या ‘हल्लीच्या’ मुलांची परंपरा मात्र बरीच जुनी असावी. कारण आमच्या गुरुजनांनी आमच्याविषयी नेमके हेच म्हटले होते.

या तक्रारीच्या पोटात मला एक नैतिक प्रश्न दिसतो. दुसऱ्याच्या मनात इच्छा उत्पन्न करण्याचा अधिकार आपल्याला आहे काय? आणि असला, तरी ते आपल्या हाती आहे काय? एखाद्याला बाकावर बसवता येते, टिपणे पाठ करायला लावता येते, उत्तरपत्रिकेच्या पुरवण्याही भरायला लावता येतात. शिकावेसे वाटणे मात्र ज्याचे त्यालाच वाटावे लागते.

या कामी आपली दोन साधने पिढीजात आहेत : भय आणि लोभ. छडी गेली, तिच्या जागी पंचाहत्तर टक्के हजेरीची अट आली. बक्षिसाचा पेढा गेला, त्याच्या जागी अंतर्गत गुण आले. माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, असे कांटने १७८५ साली बजावले होते. भयाने वा लोभाने हलवलेला विद्यार्थी हे साधनही नसते. ती दोरीवरची बाहुली असते. दोरी सुटली की बाहुली खाली बसते. पदवी हाती पडताच पुस्तके रद्दीत जातात, ती याचमुळे.

याविषयी एक प्रयोग पुष्कळ गाजला आहे. एडवर्ड डेसी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने तो १९७१ साली प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्याने तुकडे जुळवून आकृती करण्याची कोडी दिली. मुले ती आवडीने सोडवत. मग काहींना सुटलेल्या कोड्यामागे एक डॉलर दिला आणि पुढच्या खेपेस तो बंद केला. तेव्हा पैसे घेतलेल्या मुलांचा रिकाम्या वेळातला कोड्यांकडचा ओढा पूर्वीपेक्षा कमी झालेला आढळला. खेळ होता, त्याची मजुरी झाली. आणि मजुरी थांबल्यावर काम कोण करतो? मौज अशी की, ज्यांना पैशांऐवजी मनापासून शाबासकी मिळाली, त्यांचा ओढा वाढला. या निष्कर्षांवर पुढे बराच वाद झाला. परंतु १९९९ साली डेसी आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अशा १२८ प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हाही मूळ गोष्ट टिकून राहिली.

येथवर आले की सुशिक्षितांना एक सोपा निष्कर्ष काढावासा वाटतो : ज्ञानासाठी शिकणारा तो खरा विद्यार्थी, नोकरीसाठी शिकणारा हलका. मला हा निष्कर्ष अन्यायाचा वाटतो. ज्याच्या घरी दोन वेळची भ्रांत नाही, त्याला ज्ञानासाठी ज्ञान परवडते. जिच्या शिक्षणासाठी आईने गळ्यातले मोडले, तिने नोकरीचा विचार करू नये, हे सांगणारे आपण कोण?

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी अर्थशास्त्र शिकवीत असे. मागणीची लवचिकता हा धडा मुलांना रुक्ष वाटे. एका वर्षी मी म्हटले, “घरी कांद्याच्या जुन्या पट्ट्या असतील, तर घेऊन या.” एक मुलगी वडिलांच्या तीन हंगामांच्या पट्ट्या पिशवीत घालून आली. बेरजा केल्या, तेव्हा ज्या वर्षी कांदा सर्वांत जास्त पिकला, त्याच वर्षी हाती पैसा सर्वांत कमी आला होता. वर्ग स्तब्ध झाला. भाव निम्म्यावर आला म्हणून कोणी दुप्पट कांदा खात नाही. म्हणून अमाप पीक भाव असा पाडते की, एकूण उत्पन्नच घटते. पुस्तकातली रेषा तिच्या ओसरीवर येऊन बसली होती. तास संपल्यावर ती म्हणाली, “सर, मला बँकेचीच परीक्षा द्यायची आहे; पण आमचे अण्णा दर वर्षी नशिबाला का बोल लावतात, ते आज कळले.”

तिचे ध्येय बदलले नाही, आणि बदलायला हवे होते असेही नाही. भाकरी विरुद्ध ज्ञान असा हा झगडाच नव्हे. खरी सीमारेषा आहे ती आपला हेतू आणि दुसऱ्याने लादलेला हेतू यांच्यामध्ये. डेसी आणि त्यांचे सहकारी रिचर्ड रायन यांनीही पुढे हाच भेद केला : बाहेरून आलेले कारणसुद्धा माणसाने आपले म्हणून स्वीकारले, की ते जवळजवळ आवडीइतकेच बळ देते. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांना हे मानसशास्त्रावाचून उमगले होते. ‘कमवा व शिका’ योजनेतला मुलगा खुरपे धरून फी भरी. त्याला पोटार्थी म्हणण्याची कोणाची छाती आहे? शिक्षण त्याने स्वतःच्या घामाने आपलेसे केले होते.

मग शिक्षकाने करायचे काय? परीक्षा मोडीत काढाव्यात असे मी म्हणत नाही. शस्त्रक्रिया करणाऱ्याला शरीर ठाऊक आहे, याची खात्री समाजाला हवीच. परंतु निबंधाचा विषय मुलांना निवडू देता येतो. उत्तरपत्रिकेवर नुसता आकडा न टाकता कोठे चुकले आणि पुढे कसे जमेल, हे दोन ओळींत लिहिता येते. साठ-सत्तरांच्या वर्गात नावे लक्षात ठेवता येतात. निवड, ‘मला जमते’ हा विश्वास, आणि ‘मी येथे कोणीतरी आहे’ ही भावना, एवढे मिळाले की इच्छा सहसा आपल्या पायांनी येते. शिवाय शिक्षकाला स्वतःला विषयाची गोडी हवी. आडातच नसेल, तर पोहऱ्यात कोठून येणार?

आणि हे काम एकट्या शिक्षकाचे नाही. दिवाळीत वसतिगृहातून मुले घरी येतात. फराळाचे ताट पुढे ठेवून आपण विचारतो, “किती टक्के पडले?” त्याऐवजी यंदा म्हणून पाहावे, “काय शिकलीस, ते मला समजेल असे सांग.” पहिल्यांदा ती गोंधळेल. तिला थोडा वेळ द्यावा.