दिसणे आणि अवधान

डोळ्यांनी पाहिले ते प्रत्यक्ष, आणि प्रत्यक्षाला अन्य प्रमाण नको, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु १९९९ साली सायमन्स व शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग विचारणीय आहे. चित्रफितीतील एका गटाने चेंडू किती वेळा एकमेकांकडे टाकला, हे प्रेक्षकांनी मोजावयाचे होते. मध्येच गोरिलाचा वेष घेतलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. सुमारे निम्म्या प्रेक्षकांना ती दिसलीच नाही. डोळे उघडे होते, दृश्य समोर होते. अवधान मात्र मोजणीत गुंतले होते. म्हणून ‘मला दिसले नाही’ म्हणणारा असत्यवादी ठरत नाही. पण ‘मला दिसले नाही, म्हणून ते नव्हतेच’ हे अनुमानही टिकत नाही. यास्तव दुसऱ्याच्या साक्षीला खोटे म्हणण्यापूर्वी आपले अवधान कोठे होते, हे प्रत्येकाने तपासावे.